घरात बाई कायम असतात

आमच्या देशात वाट विचारायची तर आधी समोरचा माणूस कुठला आहे ते बघावं लागतं. सपाटीवरचा माणूस अख्खा हात लांब करून दिशा दाखवतो आणि तुम्ही दिसेनासे होईपर्यंत तो हात खाली घेत नाही. डोंगरातला नुसती हनुवटी उचलतो, कारण त्याचे दोन्ही हात ओझ्यात गुंतलेले असतात. किनाऱ्यावरचा दिशा सांगतच नाही, वेळ सांगतो: आत्ता निघालात तर भरतीच्या आत पोचाल. आणि वाळवंटाच्या कडेचा आधी पाणी देतो आणि मग तुम्ही तिकडे का जाऊ नये हे तासभर समजावतो. हे सगळं मी एकदा पुस्तकात लिहिलं होतं. मालकांनी काढून टाकलं. म्हणाले, प्रवाशाला बसची वेळ हवी असते, तुमचं तत्त्वज्ञान नको.

पुस्तक म्हणजे प्रवाशांसाठीचं मार्गदर्शक. देशाच्या नऊ भागांचे नऊ खंड आणि दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती. मी त्याचा तपासनीस. जुन्या आवृत्तीतली प्रत्येक ओळ जागेवर जाऊन बघायची आणि समासात बरोबरची खूण करायची किंवा ओळ खोडून नवी लिहायची, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. स्टेशनपासून मुक्कामाची जागा चारशे पावलांवर असं छापलं असेल तर मी ती चारशे पावलं चालतो. म्हणून ऑफिसात मला सगळे पायमोजे म्हणतात. सुरुवातीला राग यायचा, नंतर मीच फोनवर 'पायमोजे बोलतोय' म्हणायला लागलो.

आमचा एक नियम आहे. एका ठिकाणी एकच रात्र राहायचं आणि आपण कोण हे सांगायचं नाही. मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. ते म्हणत, दोन रात्री राहिलं की माणसं आपली वाटायला लागतात, आणि आपल्या माणसांबद्दल कुणी खरं लिहीत नाही. मी हा नियम कधी मोडला नाही. बारा गावचं पाणी प्यायलो म्हणतात ना, मी बाराशे गावचं प्यायलो असेन, पण दुसऱ्या दिवशीचं कुठलंच नाही. शेवटची बस कधी, हे मी सात भाषांत विचारू शकतो. भांडता मात्र त्यातल्या एकाही भाषेत येत नाही.

माझं लग्न झालं होतं. ते चार वर्षं टिकलं. बाईंडिंगच्या कारखान्यावर तिसऱ्या मजल्यावर आमची खोली होती, दिवसभर खालून खळीचा वास यायचा. मी बॅग उचलली की बायको दारात येऊन विचारायची, परत कधी? मी म्हणायचो, बघू, रस्त्यावर अवलंबून आहे. पुढे कधीतरी तिने विचारायचं सोडलं. नक्की कधी सोडलं ते मला सांगता येणार नाही, आणि मैलाचा दगड दहा हात सरकला तरी ज्याच्या लक्षात येतं त्या माणसाची ही गोष्ट आहे. एका फेरीवरून आलो तर कपाटाचा तिचा अर्धा भाग रिकामा होता आणि खोली झाडून स्वच्छ केलेली होती. भांडून गेली असती तर बरं वाटलं असतं.

आता भुताबद्दल सांगायला हवं. आमची पुस्तकं चोरून छापणारे पुष्कळ. नवी आवृत्ती आली की महिन्याभरात तीच दुसऱ्या कव्हरात, निम्म्या किमतीला, स्टेशनाबाहेर हजर. त्यांना पकडायला प्रत्येक खंडात एक नोंद खोटी घालायची पद्धत आहे. जगात नसलेली एखादी जागा. ती दुसऱ्याच्या पुस्तकात सापडली की चोर मुद्देमालासकट हाती आला. या नोंदीला ऑफिसात भूत म्हणतात. कुठलं भूत कुठे आहे हे फक्त लिहिणाऱ्याला आणि मालकांना ठाऊक असतं. ते अडनिड्या ठिकाणी घालायचं, म्हणजे खरा प्रवासी फसायला नको, आणि दर आवृत्तीला बदलायचं. माझी भुतं साधी असत. एखादी खानावळ, नाहीतर टेकडीवरची एखादी विहीर.

सातव्या खंडाचं भूत मी बायको गेली त्या वर्षी लिहिलं. उत्तरेच्या डोंगरात, रेल्वे संपल्यावर दोन बस बदलून जिथे पोचता येतं असं एक गाव आहे, त्या गावात ते घातलं. नोंद अशी होती: 'पुलाच्या अलीकडे साठ पावलांवर डाव्या हाताला निळ्या दाराचं घर. एकच खोली. जेवण घरचं. घरात बाई कायम असतात. निघताना त्या दारात येऊन विचारतात, परत कधी येणार? उत्तर खरं द्यावं.'

तीन वर्षांनी भूत बदलायची वेळ आली तेव्हा मी मालकांना म्हणालो, राहू दे, चोर अजून यालाच फसतायत. ही थाप होती. मला ते घर मोडवेना. तसं करता करता पाच आवृत्त्या निघाल्या. त्या गावावरून मी दर फेरीला गेलो, बस पुलाशी थांबायची आणि मी मुद्दाम उजव्या खिडकीशी बसलेला असायचो. नसलेल्या घरात तपासायचं काय? नऊ खंडांमध्ये मी कधीच न तपासता खूण केलेली तेवढी एकच नोंद.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर ऑफिसात एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं. तुमच्या पुस्तकामुळे निळ्या दाराचं घर सापडलं, असं लिहिलं होतं. सगळं अगदी छापल्याप्रमाणे आहे, निघताना बाईंनी विचारलं तेव्हा माझे डोळे भरून आले, फक्त न्हाणीघराची कडी नीट लागत नाही, तेवढी सूचना पुढच्या आवृत्तीत द्यावी. मी पत्र तीनदा वाचलं. कौतुक कुणीही खोटं करेल. कडीची तक्रार कुणी खोटी करत नाही.

मालक पोट धरून हसले. तुमचं भूत माणसात आलं की हो पायमोजे, म्हणाले. मग गंभीर झाले. जाऊन बघा, घर खरंच असेल तर ते आता चोर पकडायच्या कामाचं नाही, साधी नोंद म्हणून राहू दे आणि भूत दुसरीकडे बसवा. मी हो म्हणालो आणि घरी येऊन शर्टाला इस्त्री केली. त्रेपन्न वर्षांचा माणूस मी, कामाच्या फेरीसाठी शर्टाला कधी इस्त्री केलेली नाही. ते घर खरं असावं असं मला वाटत होतं. इतकं वाटत होतं की त्या रात्री जेवण गेलं नाही.

चार दिवसांचा प्रवास. पहिला दिवस शेतांचा, सगळी एकाच उंचीची, बघून डोळे सपाट होतात. दुसऱ्या दिवशी मोठी नदी. तिचा दुसरा काठ दिसत नाही, नावाडी त्याला 'पलीकडचा देश' म्हणतात. नदीनंतर डब्यातली भाषा बदलली आणि माणसं मोठ्याने बोलायला लागली. तिसऱ्या दिवशी मिठाचं रान, मैलोगणती पांढरं, त्यात कुठेतरी एक सायकल उभी आणि तिचा मालक कुठेच नाही. मी खिडकीतून ती सायकल बघितली आणि शेजाऱ्याला दाखवायला वळलो, तर तो झोपला होता. मी देश इतका हिंडलो, पण 'ते बघ' म्हणायला शेजारी कुणी नसलं की बघितलेलं माझ्या हातून निसटतं. म्हणून मी लिहून ठेवतो. डब्यात प्रत्येक भागातल्या माणसांनी मला आपल्यातलं खायला दिलं आणि प्रत्येकाने विचारलं, एकटेच? मी सगळ्यांना एकच सांगितलं, कामासाठी.

चौथ्या दिवशी दुपारी बस पुलाशी थांबली. मी या वेळी डाव्या खिडकीशी बसलो होतो, आणि निळं दार उतरायच्या आधीच दिसलं. तरी मी पुलापर्यंत गेलो, वळलो आणि पावलं मोजत आलो. त्रेसष्ट भरली. वरची तीन मी वयाच्या खात्यात टाकली.

दारात ठेंगण्या स्टुलावर बसून एक बाई शेंगा सोलत होत्या. चाळिशीच्या असतील. केस घट्ट बांधलेले, पायात लोकरीचे जाड मोजे. माझ्या हातातलं पुस्तक बघून त्यांनी सोललेल्या शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं आणि माझ्याच भाषेत म्हणाल्या, या, खोली रिकामी आहे. ही भाषा त्या पाहुण्यांकडून शिकल्या होत्या, म्हणून एका वाक्यात चार प्रांतांचे हेल यायचे.

खोली छोटी होती, खिडकीतून नदी दिसत होती आणि न्हाणीघराची कडी खरंच लागत नव्हती. जेवायला गरम भात आणि पालेभाजी. बाई समोर बसून वाढत होत्या आणि पान रिकामं व्हायच्या आत अजून वाढू का विचारत होत्या. जेवण झाल्यावर त्या परत दारातल्या स्टुलावर जाऊन बसल्या, मी आत खाटेवर बसून त्यांची पाठ बघत होतो. कुणीतरी दारात बसलंय आणि आपण आत आहोत, एवढंच. त्या संध्याकाळी मी सुखी होतो. सरळ लिहितो, कारण असं लिहायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

सकाळी बॅग उचलली. आपलं उत्तर काय असणार ते मी रात्री ठरवून ठेवलं होतं. बाई दारात आल्या.

"परत कधी येणार?"

"उन्हाळा लागला की. पहिल्याच आठवड्यात येतो," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावरून पुलाकडे बघायला लागल्या. नऊच्या बसमधून कुणी उतरतंय का ते त्या बघत होत्या. कंडक्टर 'पुढे सरका' म्हणतो तेव्हा त्याचा जो सूर असतो तोच सूर त्यांच्या विचारण्यात होता. सव्वीस वर्षांत मी तो सूर रोज ऐकलाय, ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं.

मी बॅग खाली ठेवली आणि विचारलं, हे सगळ्यांनाच विचारता का? त्या म्हणाल्या, विचारावंच लागतं, पुस्तकात आहे ना. मग बहुधा माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं, त्यांनी मला बसायला सांगितलं आणि चहा टाकला.

चहा पिता पिता त्यांनी सांगितलं ते असं. बारा वर्षांपूर्वी पुस्तकवाले यायला लागले. सासूबाई त्यांना सांगायच्या, असं घर इथे नाही. लोक ऐकायचे नाहीत, पुस्तक हातात धरून पुलावर येरझाऱ्या घालायचे, पावलं मोजायचे आणि साठ पावलांवर हेच घर यायचं. एकदा बर्फाच्या संध्याकाळी एक म्हातारं जोडपं असंच आलं. सासूबाईंनी त्यांना आत घेतलं. मग दर मोसमाला येतच राहिले. दार तेव्हा तपकिरी होतं. लोक हिरमुसतात म्हणून यांच्या नवऱ्याने ते निळं रंगवलं. नवरा ट्रक चालवतो, दीड-दोन महिन्यांनी एकदा घरी येतो. सुरुवातीला दारात सासूबाई बसायच्या. त्या गेल्या आणि स्टूल यांच्याकडे आलं. एकदा या खालच्या गावी बाजाराला गेल्या, अर्धा दिवस, तेवढ्यात पाहुणे आले. बाई नाहीत म्हणून त्यांनी गावभर बोभाटा केला, फसवणूक आहे म्हणाले. त्यानंतर त्या कुठे गेल्याच नाहीत. सात वर्षं झाली. खिंडीच्या पलीकडे काय आहे ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मोठी बहीण समुद्राकाठी दिली आहे, तिची तब्येत दोन महिन्यांपासून बरी नाही, फोन करते आणि ये म्हणते.

"जाऊन यावं असं रोज वाटतं," त्या म्हणाल्या. "पण घरात बाई कायम असतात."

हे वाक्य त्यांनी दुकानावरची पाटी वाचावी तसं म्हटलं. हात दाखवून अवलक्षण मला करायचं नव्हतं, मी गप्प बसून पुढची बस पकडू शकलो असतो. पण तोंडातून निघूनच गेलं.

"ते मी लिहिलंय."

त्यांना वाटलं मी पूर्वी येऊन गेलोय, सासूबाईंच्या वेळी. मी म्हणालो, नाही, कधीच आलो नव्हतो, मनानेच लिहिलं. मग भुताची सगळी हकीकत सांगितली. चोर, खोटी नोंद, पाच आवृत्त्या. बायकोचं तेवढं सांगितलं नाही. त्या चिडतील, निदान कप तरी आपटतील असं मला वाटत होतं. त्यांनी कप अलगद खाली ठेवला.

"म्हणजे आमच्याआधी इथे कुणी बाई नव्हतीच?"

"नाही."

"मला वाटायचं, होती कुणीतरी. या घरात नसेल, पडून गेलेल्या एखाद्या घरात. पण होती. दारात बसायची, कुठे जायची नाही आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. तिला जमत होतं तर मला का जमू नये, म्हणून मी सात वर्षं स्वतःलाच बोल लावतेय."

मला सात भाषांत माफी मागता येते. गर्दीत धक्का लागल्यावर मागतात तेवढीच. मी ती मागितली आणि ती किती अपुरी आहे ते दोघांनाही ऐकू आलं. एका खोलीत बसून, ताज्या दुःखाला बरं वाटावं म्हणून मी चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या ओळींनी चार दिवसांच्या अंतरावरचं एक जिवंत माणूस स्टुलाला बांधून ठेवलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "घर राहू दे. खोली राहू दे. बाई तेवढी काढा."

मी पेन्सिल काढली. आता खरं सांगतो, हात पुढे जाईना. ऑफिसात नुसतं 'तपासलं, बरोबर आहे' असं कळवलं असतं तर मालकांना ते हवंच होतं. मग नोंद राहिली असती, स्टूल राहिलं असतं आणि उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यात मी इथे आलो असतो. कंडक्टरच्या सुरात का होईना, मला कुणीतरी विचारलं असतं. मला तो सूरही चालला असता, इतका मी कंगाल झालो होतो. बाई माझ्याकडे बघत होत्या, घाई करत नव्हत्या. मी शेवटची तीन वाक्यं खोडली. पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. त्यांनी उरलेलं मोठ्याने वाचायला लावलं: पुलाच्या अलीकडे साठ पावलांवर डाव्या हाताला निळ्या दाराचं घर, एकच खोली, जेवण घरचं. मग म्हणाल्या, कडीचंही लिहा, सगळे तक्रार करतात. तेही लिहिलं.

पण नवी आवृत्ती यायला आठ महिने होते, आणि जुनी पुस्तकं लोकांच्या हातात पुढची कित्येक वर्षं राहणार होती. त्याच दिवशी दुपारी एक जोडपं येणार होतं, तसा फोन येऊन गेला होता. बाई हे सांगून कप उचलायला वाकल्या, आणि पुन्हा स्टुलाकडे निघाल्या.

"तुम्ही एकच्या बसने बहिणीकडे जा," मी म्हणालो. "मी बसतो इथे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्वयंपाक येतो का विचारलं. मी म्हणालो, भात येतो. आणि दुसरं? म्हणालो, दुसऱ्या दिवशीचा भात. त्या पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता आत बॅग शोधायला गेल्या. सात वर्षांत बॅग लागलीच नव्हती, ती माळ्यावर सापडली आणि तिच्यात बटाटे होते.

बस येईपर्यंत मी त्यांना वाट समजावली. कुठे उतरायचं, कुठल्या फलाटावर जायचं, कुठल्या स्टेशनवरचं पाणी प्यायचं नाही. मिठाचं रान येईल तेव्हा उजवीकडे बसा, सकाळी ते गुलाबी दिसतं. नदीवर बोटीत मागच्या बाजूला उभ्या राहा, पुढे वारा बोलू देत नाही. किनाऱ्यावर वाट विचारलीत तर लोक वेळ सांगतील, गोंधळू नका. त्या बॅगेच्या पट्ट्याला गाठ मारत ऐकत होत्या. ऐकता ऐकता थांबल्या.

"हे सगळं तुम्ही बघितलंय?"

"सगळं."

"कुणाबरोबर?"

कामासाठी जातो, मी म्हणालो. हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण तेवढ्यात बस आली. त्या पुढच्या काचेजवळ बसल्या, घाटाकडे तोंड करून. मी पुलावर उभा राहिलो, आणि बस वळणाआड गेल्यावर माझ्या लक्षात आलं की एवढा वेळ माझा अख्खा हात लांब केलेला होता.

जोडपं दुपारी तीनला आलं. नवऱ्याच्या हातात पुस्तक, बायकोच्या चेहऱ्यावर उत्सुकता. माझ्याकडे बघून दोघं थबकली. बाई कुठे आहेत, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, बहिणीकडे गेल्या आहेत, समुद्राकाठी. नवऱ्याने पान उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्यापुढे धरलं.

"पुस्तकात चूक आहे," मी म्हणालो. सव्वीस वर्षांत हे वाक्य दुसऱ्यांनी मला ऐकवलं होतं, मी कधी म्हटलं नव्हतं. नवरा म्हणाला, मग इतकी वर्षं छापतायत ते? मी म्हणालो, इतकी वर्षं चूकच आहे. बायको स्टुलाकडे बघत होती, आणि तिला जे ऐकायला ती एवढ्या लांब आली होती ते तिला बाकी कुठे ऐकायला मिळत नसावं, हे मला कळलं. चोराची पावलं चोराला ठाऊक म्हणतात तसं ते मलाच कळणार. दोघांनी मुकाट्याने भात खाल्ला आणि सकाळी निघून गेली.

मी दुसरी रात्र राहिलो, मग तिसरी. मालकांच्या वडिलांचं म्हणणं अगदी खरं निघालं. दुसऱ्या दिवशी मी कडी काढून, बिजागर वाकवून नीट बसवली. तिसऱ्या दिवशी पुलाजवळचा दुकानदार मी न विचारता म्हणाला, आज बस उशिरा आहे. माझ्या आयुष्यात बसची वेळ मला कुणी आपणहून सांगितली नव्हती. चौथ्या दिवशी मी शेंगा आणल्या आणि दारात बसून सोलल्या, वाईट सोलल्या, पण सोलल्या. आणि प्रत्येक बसच्या आवाजाला मी मान वर करायला लागलो. सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या. वाट बघणं म्हणजे काय ते मी पुस्तकात लिहिलं होतं, केलं पहिल्यांदाच. माझी बायको हे चार वर्षं करत होती. ते किती कंटाळवाणं आणि किती मोठं काम आहे, हे मला त्या स्टुलावर बसेपर्यंत माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी भाजी करून बघितली. जमली. एक वाटी झाकून ठेवली, उगाच.

सातव्या दिवशी सकाळी घरातला फोन वाजला. बाईच होत्या. मागून इतका मोठा आवाज येत होता की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. समुद्र तुमच्या पुस्तकात आहे तसा नाही हो, म्हणाल्या, त्याच्या आवाजाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मी सवयीने पेन्सिल घेऊन टिपून घेतलं. बहीण उठून बसायला लागली होती, दोघी रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बसत होत्या, बोलणं संपतच नव्हतं. नवऱ्याचा ट्रक पुढच्या आठवड्यात त्या बाजूला येणार होता. तिथून त्याच्याबरोबर किनाऱ्याने खाली, देश संपतो तिथपर्यंत जायचं त्यांनी ठरवलं होतं. हिवाळा संपेपर्यंत काही परतायच्या नव्हत्या. पाहुण्यांचे फोन आले तर घर बंद आहे म्हणून सांगा, आणि निघताना किल्ली दुकानात द्या, म्हणाल्या.

मी म्हणालो, कडी नीट केलीय. त्या खूश झाल्या. भाजी जमायला लागलीय, हेही सांगायचं होतं, पण मागे बहिणीने त्यांना हाक मारली आणि त्यांचा आवाज घाईचा झाला. प्रेमळपणाने, अगदी मनापासून म्हणाल्या:

"तुम्हाला उगाच अडकवून ठेवलं. आता निघा तुम्ही, घरी जा. घरचे वाट बघत असतील."

"हो," मी म्हणालो. "बघत असतील."